न बिघडलेल्या बॅटरीची दुरुस्ती

अप्पांची विजेची बिडी उन्हानं मेली, आणि ती उन्हात अप्पांनीच ठेवली, याबद्दल आमच्या घरात कुणाचंही दुमत नाही. धाकटा भाऊ दुबईहून श्राद्धाला आला की फोटोला हार घालता घालता म्हणतो, "एक वस्तू सांभाळायचं जमलं न्हाई ह्यांना. ती असती तर अजून बसले असते इथं." मी त्याच्यापुढं चहाचा कप करतो. तो चहा पितो. विषय संपतो.

मी फार बोलत नाही. लोक म्हणतात, स्वभावच तसा. स्वभाव कसला, सोय आहे. न बोलणाऱ्या माणसाला खोटंही कमी बोलावं लागतं, एवढाच त्यातला फायदा. अप्पा छातीच्या दुखण्यानं गेले. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या बॅटरीला कधी काही झालंच नव्हतं, हे मला सांगायचं आहे. भाऊ हे वाचील. वाचू दे.

आम्ही मूळचे चिंताकीकडचे. आज्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. अप्पांची जवानी त्यांच्यामागं फिरण्यात गेली. पुढं रानं कमी झाली, मेंढरं विकली, होती तेवढी शेती वाट्यानं दिली आणि बिदरात मैलूर भागात येऊन राहिलो. मेंढरं गेली पण मेंढक्याची बिडी काही गेली नाही. अप्पा बिडी विझवायचे ती दुसरी पेटवण्यापुरती. त्यांचा खोकला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा आणि पाठोपाठ ते यायचे.

आमच्यात बापासमोर बिडी ओढत नाहीत. लेक चाळिशीचा होऊ दे, त्याच्या स्वतःच्या लेकीची सोयरीक जमू दे, बाप दिसला की बिडी चपलेखाली. बापालाही हे ठाऊक असतं. म्हणून शहाणा बाप लांबूनच खाकरत येतो, लेकाला विझवायला अवसर मिळावा म्हणून. त्या एका खाकरण्यावर आमच्याकडच्या कितीतरी घरांची अब्रू टिकून आहे. अप्पांना मुद्दाम खाकरायची गरज नव्हती, ते आपोआप व्हायचं. त्यामुळं मी ओढतो हे त्यांना माहीत नव्हतं. निदान मी तसं धरून चाललो होतो. बायकोला तर मी पोरगी झाली तेव्हाच सोडल्याचं सांगितलं होतं.

डॉक्टरनं अप्पांच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बिडी बंद करा नाहीतर दुसरा डॉक्टर बघा, असं सरळ सांगितलं. अप्पा दुसरा डॉक्टर बघायला तयार होते. अव्वा, माझी आई, तयार नव्हती. तिनं त्यांना मैलारच्या देवळात मल्लण्णाच्या पुढ्यात नेऊन उभं केलं आणि भंडारा उचलायला लावला. आमच्यात देवाचा भंडारा उचलून बोललेला शब्द कोर्टातल्या शपथेपेक्षा जड. कोर्टात वकील असतो, इथं नुसती बायको असते. अप्पांनी हळद मुठीत घेऊन सांगितलं, आजपासून बिडी ओढणार नाही. आणि परत येताना टमटममध्ये बसल्यापासून त्यांचा जीव जायला लागला.

ते दिवस वाईट गेले. अप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे, ताट सरकवून द्यायचे, अव्वाला माहेरावरून बोलायचे. बोटं आपोआप कानावर जायची, तिथं अडकवलेली बिडी शोधत. मी रोज संध्याकाळी दुकानातून आलो की अव्वा दारातच सांगायची, आज जाऊन आणतील बघ. एकदा ती भावाला फोनवर म्हणाली की तुझा बाप देव मोडील नाहीतर जीव देईल.

तेव्हा भाऊ सुट्टीवर येताना ती वस्तू घेऊन आला.

भाऊ दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर होता. मी आयटीआय केला तेव्हा बिदरात कारखाने येणार अशी मोठी हवा होती. हवा आली, कारखाने बेताचेच आले, आणि आमच्या बरोबरीची पोरं हैदराबादला, पुण्याला, आखाताला पांगली. मी इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट भिंतीला लावून खाली एसटीडीचा फोन ठेवला. पुढं झेरॉक्स आली, मग मोबाइल रिचार्ज, मग एक काँप्युटर. सर्टिफिकेट तसंच राहिलं. पण त्याच्यामुळं घरात पंखा अडला, मिक्सर जळला की सगळे माझ्याकडंच बघत.

पेन ठेवतात तसल्या डबीत एक पांढरी नळी होती. नळीच्या एका टोकाला पिवळट तुकडा, त्यात औषधाचे थेंब घालायचे. दुसऱ्या टोकाला बारीक दिवा. ओढलं की दिवा लाल व्हायचा आणि तोंडातून पांढरं काहीतरी निघायचं. भावानं करून दाखवलं. अप्पांसमोर. कारण ती बिडी नव्हती, औषध होतं म्हणे.

अव्वानं हरकत घेतली. भंडारा उचललाय ना, मग धूर कसला हा?

"धूर न्हाई गं, वाफ हाय," भाऊ म्हणाला.

"वाफ भाताच्या डेचकीतनं निघती. ह्यांच्या तोंडातनं निघतोय तो धूरच."

अप्पांनी तोवर ती नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली होती. ते शांतपणे म्हणाले की मी बिडी ओढणार न्हाई म्हणलो. ह्यात पान न्हाई, तंबाखू न्हाई, काडी लावायची न्हाई, राख न्हाई. ही बिडी कशी? आणि मल्लण्णाच्या वेळेला ही वस्तूच नव्हती, मग त्याला इचारून तरी काय उपयोग? अव्वानं ते मल्लण्णावर सोपवलं. त्याचीही हरकत नसावी, कारण पुढं काही विपरीत झालं नाही.

उलट बरंच झालं. अप्पांचा खोकला उतरला. ते जेवायला लागले. सकाळी किल्ल्याच्या वाटेला फिरून यायला लागले, तेही मध्ये न बसता. ओट्यावर बसून ती नळी ओढायला लागले की गल्लीतली पोरं दिवा बघायला जमायची. समोरचे चाचा, ज्यांचं पंक्चरचं दुकान होतं, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "क्या अप्पा, बत्ती पी रैं क्या?"

"हौ," अप्पा म्हणाले. "करंट पी रा हूँ. तुमकू होना क्या?"

अव्वानं पुढच्या रविवारी मैलारला जाऊन नारळ फोडला, तो कशासाठी हे तिनं स्पष्ट केलं नाही.

अडचण एवढीच होती की तिकडच्या चार्जरची पिन आपल्या बोर्डात बसेना. पण सोबत एक वायर होती, ती काँप्युटरला लागायची. काँप्युटर माझ्या दुकानात. म्हणून असं ठरलं की अप्पा सकाळी जेवून आडवे झाले की मी नळी दुकानात न्यायची, चार्ज करायची आणि त्यांच्या चहाच्या आत आणून द्यायची. भाऊ जाताना मला बजावून गेला, "तू बघ हं. तुझ्यावर सोडून चाललोय."

पहिल्यांदा मी ओढलं ते खरंच तपासायला. चार्ज झालं की नाही, दिवा लागतो की नाही. दिवा लागला. घशाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तपासलं.

मी तोवर दिवसातून चारदा दुकानामागच्या बोळात उभा राहून सिगारेट ओढायचो, मग बडीशेप, मग इलायची, मग नळावर हात धुवायचे. घरी जाताना शर्टाचा वास स्वतःच घेऊन बघायचा. एवढी कसरत. आणि इथं वास नाही, राख नाही, थोटूक नाही, गिऱ्हाईक आलं तरी खाली काउंटरमागं धरून ओढता येतं. इतकं स्वच्छ पाप मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. थोड्याच दिवसांत मी बोळात जायचं सोडलं. दुपारी नळी काँप्युटरला लावायची, भरली की काढायची, ओढायची, परत लावायची. चहाची वेळ व्हायची तेव्हा ती अर्धीमुर्धी भरलेली असायची. तशीच पुसून, डबीत घालून अप्पांच्या हाती द्यायची.

दुसऱ्याचं उष्टं आमच्या घरात कुणी खात नाही. अप्पांनी तर आयुष्यात दुसऱ्याच्या तांब्याला तोंड लावलं नव्हतं. मी रोज त्यांना माझं उष्टं देत होतो.

अप्पा तक्रार करणारे नव्हते. पण एकदा संध्याकाळी म्हणाले, "आधी हे निजेपर्यंत चालायचं. आता दिवेलागणीलाच झपझप करून मरायलंय. कामून रे?"

मी म्हणालो, "बॅटरी वीक झालीया, अप्पा."

एवढंच. विचार करायला वेळ लागला नाही. मोबाइल घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगायचो, तेच तोंडातून निघालं. अप्पांनी मान हलवली. लेक आयटीआय होता.

मग औषधाची बाटली. ती भावानं मोजून मापून दिली होती आणि मध्येच संपायला आली. कुणी गावाकडं यायला निघालं की त्याच्याजवळ दुसरी द्यायची, म्हणून मी फोन केला. तो चिडला. एवढ्या लवकर कशी संपायली, अप्पा काय पाण्यासारखं पितायत का, त्यांना सांग जरा बेतानं ओढा म्हणून. मी घरी आलो आणि अप्पांना सांगितलं, भाऊ बेतानं ओढा म्हणालाय.

अप्पांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले.

आणि त्यांनी खरंच कमी केलं. चहानंतरचं सोडलं, फिरून आल्यानंतरचं सोडलं. नळी हातात घेऊन नुसतेच बसायचे, बोटांनी फिरवत. त्यांनी जे वाचवलं ते मी ओढलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तरीही बॅटरी दिवेलागणीलाच मरायची. कमी ओढूनही मरते म्हणजे ती वीकच आहे, हे आता सगळ्यांना पटलं आणि तिच्या इलाजावर घरात चर्चा सुरू झाली. बायको म्हणाली की तिच्या भावाचा मोबाइल पाण्यात पडला तेव्हा तांदळाच्या डब्यात ठेवून बरा झाला होता. अव्वाचं म्हणणं, गरम तव्यावर जराशी फिरवावी, पापडासारखी. चाचांनी जीभ लावून बघायला सांगितलं. अप्पा म्हणाले की आम्ही मेंढरामागं रानात असायचो तेव्हा टॉर्चचे सेल उतरले की दिवसभर खडकावर उन्हात टाकायचो, रातच्याला लांडगा दिसण्यापुरता उजेड यायचा. मी सगळ्यांना गप्प केलं. ही तसली बॅटरी न्हाई, म्हणालो.

"मग तू कर की," अप्पा म्हणाले. "उघडून बघ. आयटीआय कामून केलास?"

खरं तर ही संधी होती. मी मनात सोपा बेत केला. रविवारी सगळ्यांसमोर नळी उघडायची, आत बघायचं, फुंकर मारायची, बंद करायची. झाली दुरुस्त, म्हणायचं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिला तोंड लावायचं बंद करायचं. बॅटरी आपोआप बरी होणार होती. माझी अब्रू, अप्पांची बिडी, आयटीआयचं नाव, सगळं एका फुंकरीत वाचत होतं. कुठल्याच मेकॅनिकला एवढी सोपी दुरुस्ती मिळाली नसेल.

पण समोर माणसं बसली की हात गप्प बसत नाहीत. ओट्यावर अप्पा, अव्वा, बायको, चाचा आणि गल्लीतली निम्मी पोरं. मी वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा लावला, ब्लेडनं टोकाची दिव्याची टोपी उचकटली आणि आतलं बाहेर ओढलं. आत चंदेरी कागदात गुंडाळलेली एक बारकी सुरळी होती आणि तिच्यातून निघालेल्या दोन वायरी, माझ्या कानावरच्या केसाएवढ्या. माझा हात मोटारीच्या वायरीला सरावलेला. मी म्हणालो, "हां, हे बघा," आणि नेमकं काय बघायचं ते दाखवायला गेलो तेवढ्यात एक वायर तुटली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कपाळाचा घाम पुसून सोल्डरिंगची सळई मागवून तापवली. ती पंख्याची कॉइल जोडायची, तिचं टोक माझ्या अंगठ्याएवढं. ते त्या सुरळीला टेकवलं मात्र, सुरळी फुगली आणि गोड कुबट वास आला. मी झटकन ती अंगणात फेकली. चाचा लांब सरकून बसले. बॅटरी वीक झाली असं मी खोटं बोललो होतो; आता ते खोटं राहिलं नाही.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"आतनं खराबच होती," मी म्हणालो. "बरं झालं उघडलं."

अप्पांचा चेहरा उतरला. माझ्यामुळं नाही, त्या नळीपायी. अव्वानं त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत ते भिंतीकडं तोंड करून बसायचे दिवस परत आलेले मला दिसले. त्या भीतीनंच माझी अक्कल चालली असावी. दुकानात एका चायना मोबाइलची सुटी बॅटरी पडून होती, गिऱ्हाइकानं टाकून दिलेली. तिच्यावरचे व्होल्टचे आकडे आणि त्या सुरळीवरचे आकडे सारखेच होते, बॅटरी मात्र चांगली मोठी. मी तिला दोन वायरी लावल्या, वायरी नळीच्या पाठीतून आत नेल्या, वर काळी टेप गुंडाळली. अप्पांनी ओढून बघितलं. दिवा लागला.

असा लागला की पूर्वी कधी लागला नव्हता. बॅटरी अप्पांच्या बंडीच्या खिशात, तिथून वायर छातीवरून वर, आणि तोंडात नळी. "आता बांधलं बघ दावणीला," अव्वा म्हणाली. चाचा म्हणाले, "अब तो मोटार बिठाए अप्पा. बोअर कबी सूखताच नै." अप्पा खूष होते. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून दाखवायचे, माझ्या लेकानं केलंय. मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो.

ओढायचं बंद करायचं ठरवलं होतं, ते मी चार दिवस पाळलंही. पण चार्जिंगला ती अजून दुकानातच यायची. मग वाटलं, आता बॅटरी मोठी आहे, थोडं घेतलं तर कळायचं नाही. थोडं घेतलं. मग थोडं जास्त. ती जुनी होती, तरी तिनं बिचारीनं बरेच दिवस ओढलं, दोघांचं. शेवटी एकदा अप्पा सकाळी मला म्हणाले की हे बी आता लवकर मरायलंय. मी चप्पल घालत होतो. "ही बी वीक झाली असंल," म्हणालो. "बघतो नंतर." आणि नळी घरीच विसरून दुकानात गेलो.

उन्हाळा भर होता. बायकोनं न्हाणीच्या पत्र्यावर जुनं लुगडं अंथरून पापड वाळत घातले होते. लेकाला सारखा त्रास नको, म्हणून अप्पांनी स्टूल लावलं आणि पापडांच्या मधोमध ती बॅटरी, वायरी आणि नळीसकट, उन्हात ठेवली. खडकावर सेल ठेवायचे तशी. बिदरचा उन्हाळा, त्यात पत्रा. मी दुपारी जेवायला आलो तेव्हा वरून चुलीत ओलं लाकूड टाकल्यासारखा आवाज येत होता. मी वर बघेपर्यंत धूर निघाला, मग भक्कन जाळ, आणि लुगडं पेटलं. मी काय ते समजून पुढं होईपर्यंत अप्पा स्टुलावर चढले होते आणि त्यांनी ती जळती बॅटरी हातानं उचलून बाहेर फेकली. बायकोनं बादली ओतली. पत्र्यावरचे पापड तेवढे भाजून निघाले, काही तर अगदी बेताचे.

अप्पांच्या तळहातावर फोड आले. बोटं वाकत नव्हती. मी नळाखाली त्यांचा हात धरला आणि ते मला म्हणाले, "माझं चुकलं रे. सेलवानी वाटलं मला. तू एवढं करून दिलतास."

इथं बोलायचं होतं. अप्पा, ती वीक नव्हती, पहिली बी नव्हती आणि ही बी. मी ओढत होतो. एवढंसं तर वाक्य. मी म्हणालो, "असू द्या, अप्पा." मोठ्या मनाचा लेक माफ करतो तसं.

भावाचा फोन शुक्रवारी यायचा, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. तोवर त्याला अव्वाकडून निम्मं कळलं होतं. अप्पांच्या उजव्या हाताला पट्टी, म्हणून मोबाइल मी त्यांच्या कानाशी धरला. स्पीकर लावायची गरज नव्हती. तो दुबईहून ओरडत होता आणि ते मला, अव्वाला, दारात उभ्या बायकोला, सगळ्यांना ऐकू येत होतं.

उन्हात कामून ठेवलात? लहान लेकरू हाव का तुमी? घर पेटलं असतं म्हंजे? मी इथं पन्नास डिग्रीत गच्चीवर चढून मशिनी दुरुस्त करायलो, सुपरवायझरच्या शिव्या खायलो, आणि तुमाला बसल्या जागी एक वस्तू सांभाळता येत न्हाई? आधी बाटल्यावर बाटल्या संपवलात, मग ही जाळलात.

"व्हय," अप्पा म्हणाले.

"कामून एवढी ओढायलातात? सांगितलं होतं की बेतानं."

अप्पांनी डोळे वर करून माझ्याकडं बघितलं. फोन माझ्या हातात होता. माझं तोंड त्याच्या इतकं जवळ होतं की मी कुजबुजलो असतो तरी दुबईत ऐकू गेलं असतं.

"ओढलो," अप्पा म्हणाले. "माझ्यानं राहवलं न्हाई."

भाऊ म्हणाला, आता मी पुन्हा पाठवणार न्हाई. अप्पा म्हणाले, नको पाठवू. मग त्यांनी त्याला जेवलास का विचारलं, तिकडं ऊन कसं हाय विचारलं, आणि मान बाजूला घेतली. मी फोन बंद केला. अव्वा आत गेली आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच.

अप्पा उठून ओट्यावर गेले. मी मागोमाग गेलो, का ते मलाही माहीत नव्हतं. चाचा पंक्चर काढत होते, त्यांनी हात वर केला, अप्पांनी पट्टीचा हात वर केला. मग मला म्हणाले, "जा, बंडल आण. आणि काडीपेटी."

"अप्पा, भंडारा उचललाय तुमी."

"त्याचं माझं जुनं हाय. मी बघतो त्याला."

"डॉक्टर काय म्हणलेत..."

"डॉक्टरला बी मी बघतो."

मी पायरी उतरलो. आण म्हणाले की आणायचंच, लहानपणापासून आणत आलो होतो. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलो असेन तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. खोकला उतरल्यापासून त्यांचा आवाज खणखणीत झाला होता, सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"दोन आण."

मी थांबलो. दोन कशाला, असं विचारायला परत वळलो. ते माझ्याकडं बघत नव्हते. पट्टीतून बाहेर राहिलेल्या बोटांनी ओट्यावरची काळी टेप खरवडत होते, चिकटून राहिलेली.

"एकात दोघांचं भागत न्हाई," म्हणाले. "बघितलं की आपण."

मी पानपट्टीवर गेलो आणि दोन बंडलं आणली. त्यांचं त्यांच्या हातात दिलं. पट्टीनं काडी ओढता येईना म्हणून बिडी पेटवूनही दिली. नको म्हणायला आधी एकदा तरी खरं बोलायला तोंड उघडलेलं असायला पाहिजे होतं.